सुपाऱ्या ठेवून आखलेला रस्ता

आमच्या किनाऱ्यावरची बहुतेक गावे लांबट आहेत. मधून एक रस्ता, त्याच्या एका अंगाला समुद्राकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या, दुसऱ्या अंगाला डोंगराच्या पायथ्याशी टेकलेली घरे आणि दोहोंना जोडणाऱ्या जांभ्या दगडाच्या पाखाड्या, म्हणजे अरुंद वाटा, अशी ही रचना बैलगाडीच्या काळात झाली. रस्त्याची रुंदी तेव्हापासून फारशी वाढलेली नाही, कारण दोन्ही बाजूंना गडगे, म्हणजे दगडी कुंपणे, आहेत आणि गडग्यांच्या आत पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या बागा आहेत. वेग मात्र वाढला. खाडी ओलांडायला पूर्वी तरीत बसावे लागे, आता दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडला, तवसाळ-जयगड अशा फेरीबोटींतून मोटारीच पलीकडे जातात, आणि आमचे गाव अशाच एका जेटीपासून थोड्या अंतरावर आहे. त्यामुळे आमच्याकडची रहदारी सलग नसते. बोट लागली की दहा-पंधरा मोटारी एकामागोमाग एक सुटतात, पुढची गाडी गाठण्याच्या घाईत गावातून निघून जातात आणि मग पुढची बोट लागेपर्यंत रस्त्यावर चिटपाखरू नसते. मधल्या या शांततेमुळे माणसे बेसावध राहतात. रस्ता रिकामा आहे असे समजून मुले चेंडूमागे धावतात, म्हातारी माणसे मधूनच चालतात, आणि नेमकी तेव्हाच बोटीची पहिली गाडी वळणावर येते.

मी स्वतः घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना देते आणि घरगुती जेवण करून वाढते. या मोटारी आल्या नाहीत तर माझे घर चालणार नाही. म्हणून हे लिखाण पर्यटकांविरुद्धची तक्रार समजू नये. रस्त्याचा वेग कमी करण्याचा एक प्रयत्न आमच्या गावात कुणालाही न विचारता झाला आणि फसला, दुसरा विचारून झाला आणि बऱ्याच अंशी टिकला. या दोहोंमध्ये काय फरक होता ते मला सविस्तर लिहून ठेवायचे आहे, कारण शेजारच्या गावांतून आता तीच मागणी ऐकू येते जी आम्ही तीन वर्षांपूर्वी केली होती.

त्या मे महिन्यात आमच्या शेजारच्या काकू सकाळी दूध घेऊन परत येत असताना विहिरीजवळच्या वळणावर मोटारीच्या बाजूच्या आरशाचा धक्का लागून गडग्यावर आपटल्या आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. चालक थांबला, त्यानेच त्यांना गाडीत घालून दवाखान्यात नेले, आणि आपला वेग काही फार नव्हता असे तो सर्वांना पुन्हा पुन्हा सांगत राहिला. तो खोटे बोलत होता असे मला वाटत नाही. आत बसलेल्याला ताशी 50 किलोमीटर हा वेग संथच वाटतो. परंतु त्या वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात जवळजवळ 14 मीटर पुढे जाते, आणि माणूस दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद सहज जातो. आमच्या त्या वळणावर समोरचे माणूस दिसते तेच जेमतेम तेवढ्या अंतरावरून. वेग 30 असता तर त्याच सेकंदात गाडी आठ मीटरांच्या आसपास पुढे आली असती, आणि धक्का बसलाच असता तर त्यातला जोरही कमी असता, कारण 50 च्या वेगातला जोर 30 च्या वेगातल्या जोराच्या पावणेतीन पट असतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांतली 32,825 माणसे पायी चालणारी होती. काकू वाचल्या हे त्यांचे व आमचे नशीब.

त्या संध्याकाळी सारे गाव रस्त्यावर उतरले आणि एकच मागणी झाली: गतिरोधक पाहिजे. तो कुठे हवा, किती उंच हवा, त्याने कुणाला त्रास होईल, हे कुणी कुणाला विचारले नाही, मीही विचारले नाही. जवळच डांबरीकरणाचे काम चालू होते. त्या कामावरचा उरलेला माल आठवड्याभरात आमच्याकडे आला आणि कामगारांनी दिवेलागणीपर्यंत तीन आडवे उंचवटे घालून टाकले. माप घेतले गेले नाही, पांढरे पट्टे मारले गेले नाहीत, अलीकडे सूचनेचा फलक लागला नाही. सकाळी आम्ही सर्वांनी समाधानाने ते पाहिले.

दुसऱ्याच रात्री बंदरावरून परतणारा एक मुलगा मोटारसायकलवरून उडाला. मग लक्षात आले की पाणी वाहून जावे म्हणून उंचवट्याच्या दोन्ही टोकांना हातभर जागा मोकळी सोडली आहे आणि सगळे दुचाकीवाले त्याच फटीतून जातात, म्हणजे नेमके तिथून, जिथून शाळेची मुले गडग्याला धरून चालतात. गरोदर बाईला घेऊन जाणाऱ्या रिक्षावाल्याने आमच्या दारात थांबून जे सुनावले ते मी विसरलेले नाही. आणि मृगाचा पाऊस लागल्यावर उरलेसुरले स्पष्ट झाले. आमच्या भागात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. डोंगरावरून येणारे पाणी रस्त्याने वाहत जाऊन मोरीपाशी पऱ्याला, म्हणजे ओहोळाला, मिळते, ही वाट त्या पाण्याने वर्षानुवर्षे धरलेली होती. मधल्या उंचवट्याने ते अडवले आणि खालच्या बाजूच्या एका घराच्या खळ्यातून थेट पडवीत सोडले. त्या घरातल्या आजी मला म्हणाल्या, “बाय, मला इचारलं असतं तर मी सांगितलं असतं पाणी खयसून जातं ते. पण इचारलं कोणी?”

गणपतीच्या आधी गावातल्याच तरुणांनी पहार आणि कुदळ घेऊन ते तिन्ही उंचवटे उखडले. ज्यांनी मागणी केली होती त्यांतलेच काहीजण उखडायलाही होते.

गतिरोधक ही गोष्ट इतकी साधी दिसते की तिच्यामागे शास्त्र असेल असे कुणाला वाटत नाही. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेची या विषयावरची आयआरसी 99 ही मार्गदर्शिका 1988 मध्ये निघाली आणि 2018 मध्ये ती सुधारून विस्तृत करण्यात आली. 1988 च्या मार्गदर्शिकेत गोलाकार गतिरोधकाचे माप दिलेले आहे: उंची 10 सेंटिमीटर, वाहनाच्या दिशेने रुंदी 3.7 मीटर आणि गोलाईची त्रिज्या 17 मीटर, म्हणजे वाहन साधारण ताशी 25 किलोमीटर वेगाने आरामात पार होते. ब्रिटनमधल्या सरकारी रस्ते संशोधन प्रयोगशाळेने 1970 च्या दशकात चाचण्या घेऊन जो उंचवटा निश्चित केला त्याचे मापही जवळपास हेच आहे. रुंदी एवढी का, हे मला कळले तेव्हा आमची चूक नीट उमगली. अरुंद आणि उंच उंचवट्यावरून मोटार जोरात नेली तर धक्का स्प्रिंगा गिळून टाकतात, आतल्या माणसाला तो कमीच जाणवतो. पण दुचाकीवाला, रिक्षा आणि रुग्णवाहिका यांचे हाल होतात. रुंद आणि सौम्य उंचवट्यावर मात्र वेग जितका जास्त तितके आतले माणूस अधिक उचलले जाते, म्हणून वेग आपोआप उतरतो. आमचे तीन उंचवटे जेमतेम दीड-दोन हात रुंदीचे होते. ज्यांना आवरायचे ते सुटत होते आणि ज्यांना सांभाळायचे तेच आदळत होते.

यावर एक उत्तर असे असू शकते की मग हे काम अभियंत्यांवर सोपवावे आणि गावाने त्यात पडू नये. मी त्या मताची नाही. माप अभियंत्याला ठाऊक असते, परंतु पाणी कुठून जाते, बोट कधी लागते, मासळीवाल्या बायका कुठे टोपल्या उतरवतात, कोणत्या गडग्याआडून मुले एकदम बाहेर येतात आणि शिमग्यात पालखी कोणत्या वळणावर नाचवली जाते, हे त्याला कुठल्या नकाशात सापडणार? हे ज्ञान गावात पसरलेले असते, प्रत्येकाकडे थोडे थोडे, आणि ते गोळा करायची रीत असावी लागते. आमची चूक केवळ न विचारण्यात नव्हती; आम्ही लोकांना फक्त ‘गतिरोधक हवा की नको’ एवढेच विचारले असते तरी काही निष्पन्न झाले नसते. हो किंवा नाही म्हणण्यापलीकडे त्या प्रश्नात कुणाला काही सांगायला जागाच नाही.

पुढच्या वर्षी प्रजासत्ताक दिनाच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा झाली. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी अशी आपल्याकडे कायद्यातच तरतूद आहे. बहुतेक ठिकाणी ती सह्यांपुरती उरते, हे दुःखाने लिहावे लागते. त्या दिवशी आम्ही देवळाच्या सभामंडपात फरशीवर रांगोळीने गावचा रस्ता काढला. या खांबापासून त्या खांबापर्यंत, चांगला पंधरा-सोळा हात लांब. एका टोकाला जेटीकडचा उतार, दुसऱ्या टोकाला तिठा, मध्ये शाळा, विहीर, दूधडेअरी, एसटीचा थांबा, मोरी आणि पालखी टेकवण्याची सहाण. मग परातीत सुपाऱ्या घेतल्या आणि प्रत्येकीला पाच पाच सुपाऱ्या देऊन सांगितले की चालताना जिथे जिथे जीव मुठीत धरावा लागतो तिथे ठेवा; एकाच जागी पाचही ठेवल्या तरी चालेल.

सुरुवातीला कुणी पुढे येईना. एक मुलगी आली आणि शाळेच्या फाटकापुढे दोन ठेवून गेली. मग हळूहळू बायका उकिडव्या बसून रांगोळीवरून बोटे फिरवू लागल्या, ‘हे माझं बेडं, हा आंबा, मग इथं चढ,’ असे मोजत जाऊ लागल्या, आणि अर्ध्या तासात फरशीवर जे दिसले ते पाहून मी गप्प झाले. ज्या वळणावर काकूंना धक्का लागला तिथे सुपाऱ्या होत्याच, पण सर्वांत मोठा ढीग मोरीजवळ होता, जिथे आजवर कुणालाही काही झालेले नव्हते. कारण विचारले तेव्हा कळले की तिथे एका बागायतदाराने जुना गडगा काढून चिऱ्यांची उंच भिंत घातली आणि ती अगदी डांबराला भिडवली; पूर्वी मागे सरायला दोन पावले जागा होती ती गेली. पाणी आणायला, डेअरीला, मुलांना सोडायला जाणारी प्रत्येक बाई त्या तीस-चाळीस पावलांच्या पट्ट्यात मागे वळून पाहत पळत जाते. अपघात झालेला नव्हता, म्हणून तो पट्टा कुठल्याच अर्जात आलेला नव्हता. आणि तिथे गतिरोधक घालून उपयोगही नव्हता. तिथे हवी होती पाय ठेवायला जागा.

मला या सुपाऱ्यांचे महत्त्व फार वाटते. सर्वसाधारण सभेत जो उभा राहून बोलतो त्याचेच मत गावाचे मत ठरते, आणि उभा राहून बोलणारा बहुधा मोटारसायकलवरून फिरणारा पुरुष असतो. चालणारे बोलत नाहीत आणि बोलणारे चालत नाहीत, अशी आमच्याकडची वस्तुस्थिती आहे. सुपारी ठेवायला बोलावे लागत नाही.

सभेला जे येणे शक्यच नव्हते त्यांच्याकडे आम्ही गेलो. मासळी विकणाऱ्या बायका पहाटे बंदरावर असतात, म्हणून एकजण लिलाव संपल्यावर तिथे गेली. वस्तीच्या एसटीचे चालक-वाहक रात्री जिथे झोपतात तिथे दोघे गेले, कारण देवळाच्या वळणावर एसटी वळवताना मागचे चाक कुठून जाते हे चालकाशिवाय कुणाला सांगता येणार नव्हते. वडापच्या गाड्या चालवणारे, आंब्याच्या पेट्यांचा टेम्पो चालवणारे आणि पालखीला खांदा देणारी मुले, यांनाही विचारले. पालखीवाल्यांचे म्हणणे असे होते की रात्री अनवाणी पायांनी, खांद्यावर पालखी घेऊन नाचताना पायाखाली अनपेक्षित उंचवटा आला तर माणूस पडेल. सहाणेपासून देवळापर्यंत काहीही आडवे नको. ही अट आम्ही पहिल्या दिवसापासून पक्की धरली. वरच्या पाखाडीतले रहिवासी मात्र आम्ही सुरुवातीला विसरलो होतो. खालच्या रस्त्यावर वेग अडला की दुचाक्या वरच्या पाखाडीने घुसतील, मग आमच्या मुलांचे काय, असे त्यांनी येऊन विचारले, आणि ते अगदी रास्त होते. एका रस्त्याचा त्रास दुसऱ्या रस्त्यावर ढकलला जाणे हा अशा कामातला नेहमीचा दोष आहे, आणि तो टाळायचा तर ज्यांच्या दारात काहीच होणार नाही त्यांनाही सुरुवातीपासून बोलवावे लागते.

त्यानंतर आम्ही वेग मोजला. त्यासाठी यंत्र लागत नाही. रस्त्याच्या कडेला टेपने 50 मीटर मोजून दोन टोकांना चुन्याच्या खुणा केल्या. पहिल्या खुणेवरून गाडीचे पुढचे चाक गेले की एकाने हात खाली करायचा, दुसऱ्याने मोबाइलमधले स्टॉपवॉच सुरू करायचे आणि चाक दुसऱ्या खुणेवर आले की थांबवायचे. सहा सेकंद लागले तर वेग ताशी 30 किलोमीटर, साडेचार सेकंदांना 40, तीन सेकंदांना 60. मुलांनी हा हिशेब वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतला आणि शनिवार-रविवार व एक साधा वार असे तीन दिवस, बोट लागण्याच्या वेळा धरून, आळीपाळीने नोंदी केल्या. आकडे मी इथे देत नाही, कारण तीन दिवसांच्या नोंदींवरून मोठे निष्कर्ष काढणे योग्य नाही. परंतु एक गोष्ट सर्वांना वहीत स्वच्छ दिसली: तीन सेकंदांच्या आतबाहेर जाणाऱ्यांमध्ये पाहुण्यांच्या मोटारींइतक्याच आमच्या गावच्या मोटारसायकली होत्या. ही नोंद आमच्याच मुलांनी केलेली असल्यामुळे ती नाकारणे कुणाला जमले नाही. त्या दिवसापासून सभेतले बोलणे ‘त्यांना आवरा’ वरून ‘आपण काय करू’ यावर आले.

या विषयावर जगात जे झाले आहे ते वाचताना मला नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहराचे उदाहरण सर्वांत जवळचे वाटले. तिथे 1960 च्या दशकाच्या अखेरीस राहत्या वस्तीतले रस्ते अशा रीतीने बदलायला सुरुवात झाली की झाडे, बाक आणि वळणे यांतून वाट काढत मोटारीने चालणाऱ्याच्या गतीने जावे. 1976 मध्ये अशा रस्त्यांना तिथल्या कायद्यात स्थान मिळाले. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात नगररचनेचे अभ्यासक डोनाल्ड अ‍ॅपलयार्ड यांनी त्याच सुमारास एकसारख्या दिसणाऱ्या तीन रस्त्यांवरच्या रहिवाशांशी बोलून अभ्यास केला. दिवसाला सुमारे 2,000 वाहने जाणाऱ्या रस्त्यावर प्रत्येक रहिवाशाला त्या रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते. सुमारे 16,000 वाहने जाणाऱ्या रस्त्यावर एकही धड नव्हता, सरासरी 0.9. आमच्याकडे एवढी वाहने कधीच येणार नाहीत. तरीही हे वाचताना मला आमच्या समोरासमोरच्या ओट्या आठवल्या. माझी सासू या ओटीवरून समोरच्या ओटीवरच्या जाऊबाईंना हाक मारून तांदूळ निवडता निवडता तासभर बोलत असे. आता समोर जायचे तर दोन्हीकडे पाहून, थांबून, पदर सावरून धावत जावे लागते, म्हणून जाणे कमी झाले आहे. वेगाचा हा तोटा कुठल्याही अपघाताच्या नोंदीत येत नाही.

रस्ता आमच्या दारातला असला तरी आमच्या मालकीचा नाही, हे इथे ठासून सांगितले पाहिजे. राज्यमार्ग आणि मोठे जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे आणि वाडीतल्या पाखाड्या ग्रामपंचायतीकडे असतात. ज्याचा रस्ता त्याची लेखी परवानगी घेतल्याशिवाय त्यावर दगडही ठेवू नये. आमच्या पहिल्या उंचवट्यांवरून पडलेल्या मुलाचे काही बरेवाईट झाले असते तर त्याची जबाबदारी गावावर आली असती. वेगमर्यादेचेही तसेच आहे: मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 112 प्रमाणे राज्य शासन किंवा त्याने अधिकार दिलेले अधिकारी एखाद्या रस्त्यासाठी कमी मर्यादा ठरवू शकतात, गावाने आपल्या मनाने ‘30’ चा फलक लावून ती लागू होत नाही. आम्ही ग्रामसभेचा ठराव, रांगोळीवरून कागदावर उतरवलेला नकाशा आणि वेगाच्या नोंदींची वही जोडून अर्ज केला. उत्तराला वेळ लागला. पण पाहणीला आलेल्या अभियंत्यांनी तो नकाशा हातात घेऊन मोरीपासून शाळेपर्यंत आमच्याबरोबर पायी फेरी मारली, आणि नुसत्या ‘गतिरोधक द्या’ अशा अर्जावर ते असे चालले नसते, हे त्यांनी स्वतःच सांगितले.

त्यांच्याच सूचनेवरून आम्ही आधी तात्पुरती मांडणी करून पाहिली. पोलीस ठाण्याला कळवून पंधरा दिवसांसाठी, शाळेच्या अलीकडे-पलीकडे, चुन्याची फक्की मारून डांबराची रुंदी दोन्ही बाजूंनी आत घेतली आणि त्या रेषेवर वाळूने भरलेल्या, पांढरा रंग दिलेल्या गोण्या ठेवल्या. रात्री दिसावे म्हणून त्यांवर चमकत्या पट्ट्या चिकटवल्या. रस्ता अरुंद भासला की चालकाचा पाय आपोआप सैल होतो, त्याला आदळावे लागत नाही. पहिल्याच दिवशी एसटीचे मागचे चाक एका गोणीवरून गेले. चालकाने गाडी थांबवून, खाली उतरून, गोणी कुठे हवी ते पायाने दाखवले आणि आम्ही ती दीड हात मागे घेतली. हीच चूक सिमेंटात झाली असती तर ती वीस वर्षे तशीच राहिली असती. तात्पुरत्या मांडणीचा दुसरा लाभ मला अधिक मोलाचा वाटतो: विरोध करणाऱ्याला कल्पनेवर भांडावे लागत नाही, पंधरा दिवस अनुभव घेऊन तो बोलू शकतो. किराणा दुकानदारांची भीती अशी होती की गिऱ्हाइकांना गाडी लावायला जागा उरणार नाही. त्यांची अडचण अर्धी खरी ठरली, म्हणून दुकानापुढच्या चार गोण्या आम्ही काढल्या.

सगळे मतभेद असे मिटले नाहीत. शाळेजवळ रस्ता ओलांडण्यासाठी उंच, सपाट पट्टा करायचे ठरले तेव्हा त्याला लागून असलेल्या घराच्या मालकांनी हरकत घेतली. घर जुने, चिऱ्याचे आणि मातीत बांधलेले. भरलेला टेम्पो ब्रेक लावून वर चढला की भिंती हादरतील आणि रात्रभर गिअर बदलण्याचा आवाज येईल, असे त्यांचे म्हणणे होते. सभेत बहुमत त्यांच्या विरुद्ध होते. काहीजण म्हणाले, मतदान घ्या आणि मोकळे व्हा. मला ते पटले नाही. ज्याच्या भिंतीला हादरा बसणार त्याचे मत आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्याचे मत यांना सारखे वजन देणे मला अन्यायाचे वाटते. शेवटी पट्टा शाळेच्या फाटकापासून पंधरा पावले पुढे, नारळाच्या बागेपाशी सरकवला, जिथे लागून घर नाही. मुलांना थोडे अधिक चालावे लागते. बंद घरांचे मुंबईकर मालकही मोबाइलवरून मते कळवत होते. त्यांच्यासाठी आम्ही गणपतीत एक वेगळी बैठक घेतली, कारण घर त्यांचेही आहे. पण बारा महिने या रस्त्यावरून चालणाऱ्यांचा शब्द आधी धरायचा, हे मी त्या बैठकीत स्पष्ट बोलले आणि बहुतेकांनी ते मान्य केले.

आज काय झाले आहे आणि काय नाही, ते सांगते. शाळेजवळचा सपाट पट्टा झाला आहे. त्याच्या दोन्ही टोकांना फट न ठेवता खालून पाइप घातला आहे, त्यामुळे पाणी पऱ्याला जाते आणि दुचाकीला चोरवाट उरत नाही. पडवीत पाणी शिरलेल्या आजी पाइपची जागा आखताना काठी टेकत स्वतः उभ्या होत्या. मोरीजवळच्या भिंतीच्या मालकांनी भिंत मागे घ्यायला नकार दिला, परंतु भिंतीपुढच्या गटारावर ग्रामपंचायतीने लाद्या टाकल्या आणि चालायला दोन हात रुंदीची जागा झाली. विहिरीच्या वळणावर बहिर्गोल आरसा लागला, मात्र खाऱ्या हवेने त्याची चौकट आत्ताच गंजायला लागली आहे. वेगमर्यादेचा अर्ज अजून वरच्या कार्यालयात आहे. पांढरे पट्टे पहिल्याच पावसाळ्यात निम्मे पुसले गेले. ते दरवर्षी नवरात्र संपल्यावर रंगवावेत असे ठरले आहे. रंगाच्या डब्याचे पैसे आम्ही खोल्या देणारी घरे मिळून भरतो, कारण या रस्त्याचा फायदा आम्हालाच जास्त होतो. पहिल्या वर्षी ते वेळेत झाले, दुसऱ्या वर्षी दिवाळी उलटून गेली.

काकू आता काठीच्या आधाराने पुन्हा डेअरीला जातात. मोरीजवळच्या लाद्यांवरून त्या निवांत चालतात, मध्ये थांबून कुणाशी बोलतातही. विहिरीच्या वळणाशी आल्या की मात्र अजूनही उभ्या राहतात, आरशात पाहत नाहीत, कुणीतरी येऊन हात धरेपर्यंत थांबतात. मागच्या महिला सभेत त्यांनी त्यांच्या पाचही सुपाऱ्या पुन्हा त्याच वळणावर ठेवल्या, म्हणून येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय तोच घेतला आहे.